भाड्याच्या घराचं दार: कुलपाआधी चाव्यांचा हिशोब

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. घर जळगावला, तुम्ही पुण्यात. खाली नोकरदार कुटुंब भाड्याने, वर कॉलेजच्या मुलांच्या तीन खोल्या. मागच्या आठवड्यात खालच्या ताई कचरा टाकायला बाहेर आल्या, वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. चावी आत, गॅसवर दूध. गल्लीतल्या पोरांनी लाथा घालून दार उघडलं. दूध वाचलं, चौकट फाटली. आता तुम्ही विचारताय: अशा वेळी दार न मोडता आत कसं जायचं, नवीन कुलूप कोणतं बसवायचं, एक चावी मालकाने ठेवावी का. आणि वरच्या एका मुलाचं भाडं थकलंय, तो खोलीला स्वतःचं कुलूप लावून गावी गेलाय, ते तोडून खोली मोकळी करता येईल का.

शेवटच्या सवालापासून सुरू करतो, कारण तिथे घाई केली तर मोठं लचांड मागे लागेल. ते कुलूप तोडायचं नाही. खोली तुमच्या नावावर असली तरी आज ताबा त्याचा आहे, आणि कायदा ताबा बघतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे तुम्हाला जागा पाहायचा हक्क आहे, पण आगाऊ कळवून आणि वाजवी वेळी. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडून त्याला जेरीस आणता येत नाही. जबरदस्तीने ताबा काढला तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हे बघतच नाहीत, ताबा कोणाचा होता आणि कसा काढला एवढंच बघतात. त्यात त्याने ‘खोलीत माझा लॅपटॉप होता, पैसे होते’ असं म्हटलं तर तुम्ही काय दाखवणार?

रस्ता लांबचा आहे पण सरळ आहे. मुलाच्या घरच्या पत्त्यावर लेखी नोटीस, त्याच्या वडिलांना फोन, आणि पोलीस ठाण्यात तुम्ही भाडेकरूची माहिती दिलेली असेल तर तिथेही एक अर्ज. लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपली असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार नोंदवलेला नसेल तर मात्र तुमचीच बाजू लंगडी. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तो न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. आपल्याकडे मुलांच्या खोल्या अजूनही तोंडी बोलीवर दिल्या जातात. ते बंद करा.

अपवाद एकच. खोलीतून धूर येतोय, नळ फुटून जिन्यावरून पाणी वाहतंय, किंवा आत माणूस आहे आणि ओ देत नाही. तेव्हा थांबायचं नाही. ११२ ला फोन करा, त्या मुलाला फोन लावा, दोन शेजारी सोबत घ्या, एकाला मोबाइलवर शूटिंग करायला लावा आणि मग उघडा. काम झालं की नवीन कुलूप लावून त्याची चावी शेजाऱ्यासमोर बंद पाकिटात ठेवा आणि मुलाला लगेच कळवा.

आता दार न मोडता आत जायचं कसं. ‘भाऊ, दार लागी गयं, चावी मझारच शे’ (दार लागलं, चावी आतच आहे) असा फोन आला की मी आधी दोन गोष्टी विचारतो: आत कोण आहे आणि गॅस चालू आहे का. लहान मूल किंवा म्हातारं माणूस आत अडकलं असेल, किंवा गॅस पेटलेला असेल, तर माझी वाट बघू नका. १०१ किंवा ११२ लावा. अग्निशमन दलाकडे दार उघडायची अवजारं असतात आणि हे त्यांचं कामच आहे. सिलिंडर जिन्याखाली किंवा बाहेर असेल तर रेग्युलेटर बाहेरूनच बंद करा. बाथरूममध्ये मूल अडकलं असेल तर बाहेरच्या हँडलच्या मध्यभागी बघा. बऱ्याच गोल हँडलच्या कुलपांना तिथे बारीक खाच किंवा छिद्र असतं, ते याच प्रसंगासाठी दिलेलं असतं. नाणं किंवा चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवलं की आतली कडी सुटते. हे घरातल्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा, मूल रडत असताना शोधायची ती गोष्ट नव्हे.

घाई नसेल तर शांतपणे फोन फिरवा. नवरा कामावर, सासू बहिणीकडे, मोलकरीण, आधीचा भाडेकरू. बहुतेक वेळा दुसरी चावी गावातच कुठेतरी असते. मागचं दार आणि गच्चीचं दार खरंच लावलंय का ते बघा. पण शेजारच्या गच्चीवरून कठडा ओलांडून, पाइप धरून कोणालाही उतरू देऊ नका. कुलूप नवं मिळतं, मोडलेली कंबर मिळत नाही.

मग कुलूपवाला. चांगला कारागीर आधी तुम्हाला प्रश्न विचारेल: घर कोणाचं, आधार कार्ड दाखवा, भाडेकरार किंवा लाइट बिल आहे का, शेजारचं कोणी ओळखतं का. त्याचा राग मानू नका. जो काही न विचारता दार उघडून देतो तो उद्या तुमच्या दारापुढे दुसऱ्या कोणासाठीही बसेल. पैसे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा: कुलूप गेलं तरी चालेल, दार आणि चौकट गेली नाही पाहिजे. शेवटचा उपाय म्हणून कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो गाभा, ड्रिल करावा लागला तरी तो बदलायला फार खर्च नाही. चौकट फाटली की सुतार, गवंडी, रंगारी तिघांना बोलवावं लागतं, हे तुम्ही आता बघताच आहात.

तुटलेली चावी आत राहिली असेल तर तिला काही चिकटवून ओढायचा प्रयत्न करू नका. फेविक्विकचा थेंब आत गेला की पिना जाम होतात आणि साधं काम कुलूप फोडण्यावर जातं.

तुमच्या खालच्या घराचा खरा दोष नाइट लॅचचा आहे. नाइट लॅच म्हणजे दार ओढलं की स्प्रिंगने आपोआप लागणारं कुलूप. मालक घरात राहत असेल, घरात चार माणसं असतील, तर ते सोयीचं. भाड्याच्या घरात, जिथे बाई दिवसभर एकटी असते आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी वारा सुटला की दारं आपटतात, तिथे ते घोटाळ्याचं. शिवाय नुसतं ओढून लावलेलं लॅच चोराच्या दृष्टीनेही कच्चं, कारण चौकटीत शिरणारी जीभ स्प्रिंगवर असते. ज्या लॅचला चावी जादा फिरवून जीभ पक्की करायची सोय आहे, तिथेही ती चावी फिरवायची तसदी फार थोडे घेतात. म्हणून भाड्याच्या घराला मी बाहेरून चावी फिरवल्याशिवाय लागतच नाही असं कुलूप सांगतो. चावी हातात असल्याशिवाय दार लागत नाही, त्यामुळे चावी आत विसरून बाहेर अडकणं जवळपास संपतं.

तुमचं दार ३५ मिलिमीटरचं भरीव फ्लश डोअर असेल तर मॉर्टाइज, म्हणजे दाराच्या अंगात बसणारं कुलूप घ्या, बाहेरच्या बाजूला हँडल असलेलं. बंद दार हँडल दाबून उघडतं, आणि बाहेर जाताना चावीने जाड डेडबोल्ट, म्हणजे स्प्रिंग नसलेली पक्की जीभ, चौकटीत सरकवायचा. दार हलकं, आतून पोकळ असेल तर मात्र मॉर्टाइज नको. त्यासाठी दाराच्या कडेत खोल खाच पाडावी लागते आणि दार नेमकं तिथेच कमकुवत होतं. अशा दाराला आतून वरून बसणारं रिम प्रकारचं कुलूप बरं.

मॉर्टाइज घेताना सिलिंडर नीट बघा, कारण पुढची सगळी सोय त्यातच आहे. दोन्ही बाजूंनी चावीचा सिलिंडर दुकानदार हमखास पुढे करतो. भाड्याच्या घराला बाहेरून चावी आणि आतून नॉब असलेला मागा. दोन्हीकडे चावी असलेल्या साध्या सिलिंडरमध्ये आतून चावी तशीच राहिली की बाहेरची चावी चालत नाही. आजी आत चावी लावून झोपल्या आणि बाहेर सगळं घर उभं, असे फोन येतात ते यामुळेच. आग लागली तर अंधारात चावी शोधायची वेळही नॉबमुळे येत नाही. दुसरं, सिलिंडर बाहेरच्या प्लेटच्या पुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये. पुढे आलेला तुकडा म्हणजे चोराला पकड मिळाली.

हा सिलिंडर तुम्ही स्वतः बदलू शकता, आणि भाडेकरू बदलला की बदललाच पाहिजे. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेच्या पट्टीवर, चावीच्या भोकाच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तो पूर्ण काढा. चावी घालून घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढीच फिरवा, म्हणजे मधला दात सिलिंडरच्या अंगात दडतो, आणि सिलिंडर हाताने सरळ बाहेर येतो. तो अडला तर ठोकू नका, चावी किंचित इकडे-तिकडे फिरवून बघा. नवा घालताना उलटा क्रम. दुकानात जाताना जुना सोबत न्या, किंवा स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत मोजून न्या: ३० आणि ३० म्हणजे ६० चा, ३५ आणि ३५ म्हणजे ७० चा. अख्खं कुलूप बदलायची गरज नाही.

चाव्यांचा हिशोब म्हणतो तो हा. भाडेकरू सोडून जाताना दोन चाव्या परत देतो, पण त्याने किती बनवल्या, मोलकरणीला दिली, मेहुण्याला दिली, हे त्यालाही आठवत नसतं. त्याच्या नियतीवर शंका घ्यायचं कारण नाही. पण नवीन भाडेकरूकडे चोरी झाली, दार मोडलेलं नाही आणि कुलूप जुनंच, तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. ‘कॉम्प्युटर चावी’ची नक्कल होत नाही असं दुकानदार सांगतात, त्यावर विसंबू नका. अशा बऱ्याच चाव्या मशीनवर निघतात. ज्या सिलिंडरसोबत कार्ड येतं आणि कार्ड दाखवल्याशिवाय कंपनी जादा चावी देत नाही, त्यात जरा तरी अटकाव आहे. करारातच लिहा: मुख्य दाराच्या इतक्या चाव्या दिल्या, परत करताना इतक्या घेतल्या, सिलिंडर अमुक तारखेला नवा बसवला.

मालकाने एक चावी ठेवावी का? कुटुंब भाडेकरू असेल तर माझं मत आहे, ठेवू नये. ताई घरात एकट्या असतात, आणि मालकाच्या हातात आपल्या दाराची चावी आहे हे माहीत असेल तर त्या नीट झोपणार नाहीत. शिवाय घरातून काही गेलं तर चावी असलेला प्रत्येक माणूस संशयात येतो, तुम्हीसुद्धा. त्यापेक्षा जादा चावी पाकिटात घालून, चिकटवून, जोडावर भाडेकरूची सही घेऊन, दोघांच्या विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. पाकीट फाटलं तर कळतं. अडकल्यावर चावी दोन मिनिटांवर असते. तुम्ही पुण्यात बसून चावी ठेवली तरी अडकलेल्या माणसाला तिचा उपयोग काय?

वरच्या मुलांच्या खोल्यांचं गणित वेगळं. विद्यापीठ, इंजिनीअरिंग कॉलेज, भुसावळला रेल्वे आणि दीपनगरच्या वीज केंद्रातली कंत्राटी मंडळी, यांच्या खोल्यांत माणसं सतत बदलतात, मित्र येऊन राहतात, चावी दहा हातांतून फिरते. तिथे महागड्या कुलपात पैसे घालू नका. जुनी पद्धत सगळ्यात चांगली: दाराला भक्कम आल्ड्रॉप (कुलूप अडकवायचा सरकता लोखंडी दांडा) तुमचा, कुलूप भाडेकरूचं. तो येताना आपलं कुलूप आणतो, जाताना घेऊन जातो, चाव्यांचा हिशोब आपोआप साफ. तुमचं काम आल्ड्रॉप आणि कोयंडा नीट बसवायचं, आणि तिथेच सगळे चुकतात. आल्ड्रॉप अर्ध्या इंची स्क्रूंवर लावलेला असतो आणि स्क्रूंची डोकी बाहेरून दिसतात. गोदरेजच्या नवतालसारखं चांगलं कुलूप लावलं तरी चोर कुलपाला हातही लावत नाही, स्क्रू काढतो आणि आल्ड्रॉप कुलपासकट बाजूला ठेवतो. म्हणून दाराच्या आरपार नट-बोल्ट घ्या, गोल गुळगुळीत डोकं बाहेर, नट आत, खाली वॉशर. चौकटीतला कोयंडाही तसाच, चौकटीच्या आरपार किंवा लोखंडी चौकटीला वेल्डिंग करून.

हेच चौकटीच्या बाबतीत. तुमची चौकट कुठे फाटली ते आठवा: कुलपाची जीभ जिथे शिरते त्या पट्टीपाशीच फाटली असणार. ती पट्टी कुलपाच्या खोक्यातल्या बारक्या स्क्रूंनी लावलेली असते. लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं आणि लाकूड चिरतं. नवीन चौकट बसवताना लांब पट्टी घ्या आणि अडीच-तीन इंची स्क्रू घाला, ते चौकटीतून मागच्या भिंतीत जायला हवेत. बिजागरीच्या स्क्रूंनाही तेच. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरून निघणार नाही अशी घ्या. हे काम सुतार अर्ध्या दिवसात करतो, आणि कुलपावर जादा पैसे घालण्यापेक्षा त्याने घर जास्त राखलं जातं.

डिजिटल कुलूप मुलांच्या मजल्याच्या मुख्य दाराला चालेल. भाडेकरू बदलला की कोड बदलायचा, चावीचा प्रश्नच नाही. पण ते सेलवर चालतं, सेल उतरत आल्याचा इशारा मुलं मनावर घेत नाहीत. बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय असलेलंच घ्या आणि त्याची यांत्रिक चावी घराबाहेर, त्या पाकिटातच ठेवा. पश्चिमेच्या उघड्या दाराला बसवू नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते पॅनल दुपारभर भाजत राहील.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण निम्म्या तक्रारी कुलपाच्या नसतातच. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की लाकूड आटतं, दार आणि चौकट यांच्यात फट पडते आणि जीभ जेमतेम अडकते. जून-जुलैत तेच दार फुगतं, जीभ पट्टीच्या कडेला घासते, चावी फिरत नाही. माणूस जोर लावतो आणि चावी आत मोडते. पावसाळ्यात चावी जड झाली तर दार हँडलला धरून स्वतःकडे ओढा, किंवा किंचित वर उचला, आणि मग हलक्या हाताने फिरवा. फिरली तर कुलूप ठीक आहे, पट्टी कानशीने जरा घासायची आहे किंवा बिजागरी कसायची आहे. आणि कुलपात खोबरेल तेल घालू नका. त्यावर वैशाखातली धूळ चिकटते आणि थंडीत ते गोठतं, मग पौषात पहाटे कुलूप उघडत नाही. पिनांच्या सिलिंडरला ग्रॅफाइटची पूड घाला, ती नसेल तर पेन्सिलचं शिसं किसून चावीला लावा आणि चावी चार वेळा आत-बाहेर करा.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची आपली सवय आहे, तीही भाडेकरूंना सांगून ठेवा. खाली कूलर बंद, सगळे वर, आणि जिन्याचं दार नुसतं लोटलेलं. चोरीला यापेक्षा सोपी रात्र नाही. पुढचं दार आतून कडी घालून बंद करा, जिन्याच्या दाराला गच्चीच्या बाजूनेही कडी बसवून घ्या, आणि झोपताना तिला कुलूप लावून चावी उशाशी ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, दिवाळीला घर आठ-आठ दिवस बंद राहतं, तेव्हा बाहेर लोंबकळणारं कुलूप रस्त्यावरूनच सांगतं की आत कोणी नाही. दाराच्या अंगातलं कुलूप अशा वेळी उपयोगी पडतं. ग्रिलचं कुलूप आतल्या बाजूला येईल असं वळवून लावा, शेजाऱ्यांना अंगणात सडा मारायला सांगा, आणि दागिने घरात ठेवू नका. सोनं आपल्याकडे घरोघरी असतं, हे चोरालाही ठाऊक आहे.

गावी कोणाचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, जुनं घर भाड्याने दिलेलं असेल तर त्याची गोष्ट निराळी. सागवानी दुहेरी दाराला मॉर्टाइजसाठी भोक पाडू नका, ते लाकूड आता मिळत नाही. आतून आडवी आगळ घाला, बाहेरून साखळी-कोयंडा जाड करा, आणि धाब्यातल्या उजेडाच्या झरोक्याला लोखंडी जाळी बसवा. दार कितीही भक्कम केलं आणि तो झरोका उघडा राहिला तर खर्च वाया.

तुमच्या घरी आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात खालची चौकट, लांब पट्टी आणि लांब स्क्रू घालून. सुतार येईल त्याच दिवशी नाइट लॅच काढून नॉबवाला सिलिंडर असलेलं मॉर्टाइज. वरच्या तिन्ही आल्ड्रॉपना आरपार बोल्ट, पण गावी गेलेल्या मुलाच्या दाराला तो परत येईपर्यंत हात लावायचा नाही. बऱ्याच नव्या सिलिंडरसोबत चाव्यांचं सीलबंद पाकीट येतं, ते सुताराला फोडू देऊ नका. त्याला बसवायला लागणारी चावी काही सिलिंडरमध्ये वेगळी येते, ती वापरू द्या. सीलबंद पाकीट ताईंनीच स्वतःच्या हाताने फोडावं.